व्हाइट चॉकलेटमध्ये नक्की असतं काय, आणि सोलापूरच्या घरात त्याचं करायचं काय?

इयरफोन लावले असतील तर बरं, नाहीतर शेजारचा उगाच विचारेल, काय गोड गोड ऐकताय म्हणून. आजचा विषय व्हाइट चॉकलेट. याच्यावर मेसेज भरपूर आलेत. कुणाचं गनाश तेल सोडतंय, कुणाचा मूस 'नुसता गोडमिट्ट' झालाय. आणि एका ताईंनी सरळ विचारलंय, "मी घरून ऑर्डर घेते. बॉक्सवर व्हाइट चॉकलेट असं लिहिते. पण मी आणते त्या स्लॅबवर 'कंपाऊंड' लिहिलेलं असतं. चालतं का हे?"

बाकीच्या सगळ्या प्रश्नांची मुळं या एका प्रश्नात आहेत, म्हणून तिथूनच सुरू करू.

कोकोची बी भाजून दळली की तिची दाट लगदी होते. बियांत जवळजवळ अर्धी चरबीच असते. ही लगदी दाबली की चरबी वेगळी निघते, फिकट पिवळी, तिला म्हणतात कोको बटर. मागे जो चोथा उरतो तो दळला की आपली तपकिरी कोको पावडर. डार्क चॉकलेटमध्ये दोन्ही असतं. व्हाइटमध्ये फक्त ते पिवळं कोको बटर, अधिक दुधाची पावडर, साखर, थोडं लेसिथिन आणि व्हॅनिला. बस्. तपकिरी भाग नाही म्हणून कडूपणा नाही, आणि त्या कडूपणाबरोबर येणारा चॉकलेटचा ओळखीचा स्वादही नाही.

"मग ते चॉकलेटच नाही" असं इंटरनेटवर कुणीतरी दर आठवड्याला सिद्ध करत असतं. मला या वादात काही रस नाही. पेढ्यात फळ नसतं म्हणून आपण त्याला नावं ठेवतो का? दूध, साखर आणि एक उत्तम चरबी, एवढ्यावर हा पदार्थ उभा आहे. आता ती चरबी उत्तम आहे की दुसरीच कुठली, हा खरा प्रश्न.

युरोपात आणि अमेरिकेत नियम असा की व्हाइट चॉकलेट म्हणायचं तर कमीत कमी २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचे घन पदार्थ हवेत. अमेरिकेत साखरेलाही मर्यादा आहे, ५५ टक्के. म्हणजे नियमात बसूनसुद्धा अर्ध्याहून जास्त वडी साखरेची असू शकते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आपल्याकडे चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी घातली तर ती ५ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि तसं वेष्टनावर छापावं लागतं. कंपाऊंडमध्ये मात्र कोको बटरची जागाच दुसऱ्या चरबीनं घेतलेली असते. बहुतेक वेळा पामच्या बीचं तेल, हायड्रोजनेट करून घट्ट केलेलं. कारण उघड आहे, पैसा. कोको बटर महाग. त्यात २०२४ साली कोकोचे भाव असे भडकले की, वर्षानुवर्षं टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास फिरणारा माल डिसेंबरात बारा हजारांच्या वर गेला. अशा वेळी स्वस्त स्लॅब स्वस्त कसा राहिला, हे वेष्टनाच्या मागच्या बाजूला वाचायला मिळतं.

तर दुकानात उभं राहून पुढचं चित्र बघू नका. मोबाईलचा कॅमेरा झूम करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांमध्ये 'कोको बटर' हे शब्द आहेत का? आणि साखरेनंतर लगेच 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' आहे का? घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, त्यामुळे जो आधी तो जास्त. घरी आणल्यावर रंग बघा. खरं व्हाइट चॉकलेट सायीसारखं पिवळसर असतं, खडूसारखं पांढरंफेक नसतं. तुकडा जिभेवर ठेवला की स्वच्छ विरघळतो. कंपाऊंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं.

(उपवासाला चालतं का, असाही एक मेसेज आहे. दूध, साखर आणि सोयाचं लेसिथिन. आता हा निवाडा तुमच्या आजीकडे.)

आता सोलापूर. कोको बटर वितळतं साधारण ३४ अंशाला. म्हणून तर ते तोंडात विरघळतं, आपलं अंग ३७ अंशाचं. पण मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला जातो. म्हणजे तुमच्या ओट्यावरची वडी, तुम्ही गॅस पेटवायच्या आधीच वितळायच्या वाटेला लागलेली असते! पुण्या-मुंबईच्या एसी किचनमध्ये बनवलेला व्हिडिओ बघून आपण करायला जातो आणि वाटतं, आपला हात वाईट. हात वाईट नसतो ओ, खोली गरम असते.

चॉकलेटला चमक आणि 'कट्' असा आवाज देतं ते टेम्परिंग. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं आणि आपल्याला हवा असतो त्यातला पाचवा प्रकार. अवघड वाटतंय ना? तूप आठवा. तेच तूप, सावकाश निवलं की छान रवाळ होतं, पटकन फ्रीजमध्ये टाकलं की गुळगुळीत गोळा. चरबी तीच, गोठण्याची पद्धत वेगळी. व्हाइट चॉकलेट ४० ते ४५ अंशाला वितळवायचं, २६ पर्यंत उतरवायचं आणि २८-२९ वर काम करायचं. खोलीच ३८ अंशाची असेल तर २६ वर उतरवणार कसं? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एसी नसेल तर मार्च ते जून घरी मोल्डच्या चॉकलेटच्या फंदात पडू नका. त्या दिवसांत केकवर ड्रिप किंवा पांढरी फुलं हवीच असतील तर कंपाऊंड वापरा. त्याला टेम्परिंग लागत नाही. पण बॉक्सवर 'व्हाइट कंपाऊंड' असं लिहा आणि भावही तसाच लावा. ताई, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. कंपाऊंड वापरणं हा गुन्हा नाही, पण गिऱ्हाईक ज्याचे पैसे देतंय तेच त्याला मिळायला हवं. आणि काटकसर म्हणून दोन्ही अर्धं-अर्धं मिसळू नका. या दोन चरबींचं एकमेकींशी पटत नाही. माल मऊ पडतो आणि काही दिवसांत पांढुरके डाग येतात.

वितळवताना एवढं सांभाळा. व्हाइटमध्ये दुधाचे घन पदार्थ जास्त, त्यामुळे ते डार्कच्या आधी करपतं. डबल बॉयलरचं पाणी उकळू देऊ नका, वाफ आली की गॅस बंद, वरच्या भांड्याचा तळ पाण्याला लागायला नको. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर वीस-वीस सेकंद, प्रत्येक वेळी ढवळून. पाण्याचा एक थेंब पडला तरी सगळं रव्यासारखं घट्ट होतं, कारण साखर ते पाणी ओढून गुठळ्या धरते. तसं झालंच तर फेकू नका. चमचा-चमचा गरम क्रीम घालत ढवळा, गनाश म्हणून वापरता येतं. रंग घालायचा असेल तर तेलावरचा घ्या. केकच्या आयसिंगचा जेल कलर पाण्याचा असतो, तो घात करतो.

चला, आता खायचं बोलू. अर्ध्याहून जास्त साखर, आठवतंय ना? म्हणून माझा एकच हट्ट, व्हाइट चॉकलेटच्या पदार्थात वरून साखर घालायची नाही. त्याच्या समोर आंबट, खारट किंवा खरपूस काहीतरी उभं करायचं. बाहेरच्या रेसिपीत रास्पबेरी लिहिलेली असते. ती शोधत कशाला फिरायचं? आपल्याकडे डाळिंब आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर इथंच केगावला आहे. फक्त एक गोष्ट, बाजारात मिळणारा भगवा वाण गोड असतो, आंबटपणा बेताचा. म्हणून त्याचा रस आटवायचा आणि लिंबू पिळायचं. दाणे मिक्सरला अगदी क्षणभर फिरवा, बिया फुटल्या की रस तुरट होतो. दोन वाट्या गाळलेला रस स्टीलच्या पातेल्यात अर्धी वाटी होईपर्यंत आटवा, गार करा, अर्ध्या लिंबाचा रस घाला. साखर नाही.

हा रस कशावर ओतायचा? श्रीखंडावर. उन्हाळ्यासाठी यापेक्षा चांगला व्हाइट चॉकलेटचा पदार्थ मला माहीत नाही. अर्धा किलो चक्का घ्या, जरा आंबट असेल तर उत्तमच. दोनशे ग्रॅम खरं व्हाइट चॉकलेट वितळवून कोमट होऊ द्या. इथं एक मेख आहे. चक्का फ्रीजमधून काढून लगेच वापरायचा नाही, तासभर बाहेर ठेवा. थंड चक्क्यात कोमट चॉकलेट पडलं की कोको बटर जागच्या जागी गोठतं आणि श्रीखंडात कण लागतात. आधी दोन-तीन चमचे चक्का चॉकलेटमध्ये घोटून घ्या, मग ते सगळं उरलेल्या चक्क्यात. चिमूटभर मीठ. वेलची नको, व्हॅनिलाशी तिचं भांडण होतं, पण लिंबाची साल किसून घाला. वाट्यांत भरून चार तास फ्रीजमध्ये. चॉकलेट गोठल्यामुळे हे नेहमीच्या श्रीखंडापेक्षा घट्ट बसतं, म्हणून वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. डाळिंबाचा रस आणि दाणे अगदी वाढतानाच, आधी घातले तर पाणी सुटतं. कंपाऊंडनं करून बघू नका. थंड झाल्यावर त्याचं मेण चांगलंच जाणवतं.

ज्यांचं गनाश तेल सोडतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. डार्कचं प्रमाण व्हाइटला लावू नका. डार्क आणि क्रीम समसमान चालतं, व्हाइटला दोनास एक, आणि गोळे वळायचे असतील तर तीनास एक. क्रीम उकळतं नको, कडेला बुडबुडे आले की पुरे. तेल सुटलंच तर चमचाभर कोमट दूध घालून मधोमध घोटा, बहुतेक वेळा जमून येतं.

आता खरपूस प्रकार. बासुंदी आटवल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड कुणाकुणाच्या घरी भांडणाचं कारण आहे? व्हाइट चॉकलेट भाजलं की अगदी तशीच चव येते, कारण आत दूध आणि साखरच आहे. वालरोना या फ्रेंच कंपनीनं २०१२ मध्ये असं भाजक्या चवीचं सोनेरी चॉकलेट बाजारात आणलं, पण घरच्या ओटीजीतही ते होतं. कोरड्या ट्रेमध्ये तुकडे पसरा, १२० अंशावर ठेवा, दर दहा मिनिटांनी काढून स्पॅट्युलानं घोटा. मध्येच ते कोरडं आणि भुरभुरीत दिसेल, घाबरू नका, घोटत राहिलं की पुन्हा सैल होतं. पाऊण तास ते तासाभरात पेढ्याचा रंग येतो. इथंही खरं चॉकलेटच हवं, कोको बटर भरपूर असलेलं.

यात शेंगदाणे घालायचे. सोलापुरात बसून बदाम-पिस्ते शोधणं मला पटत नाही. दोनशे ग्रॅम भाजलेल्या चॉकलेटला शंभर ग्रॅम शेंगदाणे, खमंग भाजून, साल काढून, अर्ध्या पाकळ्या केलेले. मीठ जरा सढळ हातानं. आणि चिमूटभर लाल तिखट. हसू नका! शेंगाचटणीवर वाढलेली जीभ आहे आपली, तिला हे लई आवडतं. बटर पेपरवर पसरून गोठवा आणि तोडून खा. ही वडी थंडीत करायची, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत. त्या दिवसांत भाजलेलं चॉकलेट टेम्परही करता येतं. उन्हाळ्यात केलीत तर फ्रीजमधून थेट तोंडात.

आणि जाता जाता फ्रीजचं. उरलेला स्लॅब उघडा ठेवलात तर तो कालच्या लसणाचा वास धरतो. घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. वापरायच्या वेळी डबा बाहेर काढा, पण लगेच उघडू नका, आतला गारवा जाऊ द्या. नाहीतर गार वडीवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं, वरची साखर विरघळते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मे महिन्यात ऑनलाइन मागवणार असाल तर आइस पॅकमध्ये पाठवतात का, हे आधी विचारा. नाहीतर दारात सूप येईल.

श्रीखंड केलंत तर फोटो पाठवा. आणि चक्का कुठला वापरला तेही लिहा, पुढचा भाग चक्क्यावरच करायचा विचार आहे.