प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा?



पाच वर्षांतून एकदा मतदान केंद्रावर जाऊन बोटाला शाई लावून घेतली की नागरिकाचे कर्तव्यही संपले आणि अधिकारही संपला, असे मानायचे काय? समाजवादी चळवळीत हा प्रश्न जुना आहे. १९७४ च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी प्रतिनिधीला परत बोलावण्याच्या अधिकाराचा आग्रह धरला तो याच प्रश्नातून. निवडून गेलेला प्रतिनिधी मतदारांचा कमी आणि पक्षश्रेष्ठींचा अधिक होतो, हा अनुभव कोणत्याही एका पक्षापुरता नाही. मग दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सत्तेवर अंकुश कोणाचा? न्यायालयांचा असतो, वृत्तपत्रांचा असतो, रस्त्यावरच्या मोर्चाचाही असतो. परंतु जगातील काही देशांनी आणखी एक अंकुश थेट घटनेत बसविला आहे. ठरावीक संख्येने नागरिकांनी सह्या करून एखादा प्रश्न मांडला, तर तो मतपेटीपुढे न्यावाच लागतो आणि तेथील निर्णय सरकारला बांधून टाकतो. या व्यवस्थेला लोकपुढाकार म्हणता येईल.

लोकपुढाकार आणि सरकारी सार्वमत यांत गल्लत होता कामा नये. सार्वमत हुकूमशहांनाही प्रिय असते. लुई नेपोलियनने १८५१ मध्ये बंडाने सत्ता बळकावली आणि सार्वमत घेऊन तिच्यावर शिक्कामोर्तब करून घेतले. हिटलरने १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि चॅन्सेलर ही दोन्ही पदे स्वतःकडे घेतली, तेव्हा त्यानेही तोच मार्ग अवलंबिला. दोन्ही वेळा प्रश्न सत्ताधाऱ्याने तयार केला, वेळ त्यानेच निवडली आणि जनतेकडे उरले ते फक्त ‘होय’ म्हणणे. प्रश्न कोण विचारतो, या एका गोष्टीवर मताचे मोल ठरते. खरा लोकपुढाकार खालून वर जातो.

तो कसा जातो याचे बोलके उदाहरण दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशाने घालून दिले आहे. तेथील घटनेनुसार नोंदणीकृत मतदारांपैकी दहा टक्के नागरिक घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडू शकतात, आणि एक चतुर्थांश मतदारांच्या पाठिंब्यावर नवा कायदा जनतेच्या कौलासाठी मतदानाला नेता येतो. सरकारी उद्योग खाजगी भांडवलाला खुले करण्याचा कायदा तेथे १९९१ मध्ये झाला. कामगार संघटना आणि डावे पक्ष यांनी सह्यांची मोहीम उभारली. डिसेंबर १९९२ मधील मतदानात सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्या कायद्याची प्रमुख कलमे रद्द केली. त्यानंतर पाण्याचा प्रश्न आला. माल्डोनाडो प्रांतातील पाणीपुरवठ्याचा मक्ता परदेशी कंपन्यांकडे गेला होता. तेव्हा सरकारी पाणीपुरवठा संस्थेच्या कामगारांनी आणि नागरिकांच्या संघटनांनी २००२ मध्ये एकत्र येऊन समिती स्थापन केली. तिने सुमारे दोन लाख ऐंशी हजार सह्या गोळा केल्या, आणि ३१ ऑक्टोबर २००४ रोजी जवळजवळ ६५ टक्के मतांनी घटनादुरुस्ती संमत झाली. पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे आणि त्याचा पुरवठा केवळ सार्वजनिक संस्थाच करतील, हे तत्त्व घटनेत आले. हे तत्त्व लिहिण्याची बुद्धी संसदेला आपणहून झाली नव्हती. ते लोकांनी लिहून घेतले.

याचा अर्थ तेथे श्रमिकांचा प्रत्येक प्रस्ताव जिंकतो असा नाही. लष्करी राजवटीतील अत्याचारांबद्दल अधिकाऱ्यांना अभय देणारा कायदा रद्द करावा, म्हणून पीडितांच्या कुटुंबीयांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी मतदान घडवून आणले. पण एप्रिल १९८९ मध्ये बहुमताने तो कायदा कायम ठेवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कामगार संघटनांचा निवृत्तिवेतनविषयक प्रस्ताव ४० टक्के मतांपर्यंतही पोहोचला नाही. लोकांना विचारायचे ठरविले की लोक नकारही देऊ शकतात, आणि तो मानावा लागतो. ज्याला केवळ जिंकण्यासाठी लोकशाही हवी असेल, त्याने या वाटेला जाऊ नये.

याच हत्याराचे दुसरे रूप अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या राज्याचे राजकारण साउथर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मुठीत होते. तिच्याविरुद्ध प्रचार करून हायरम जॉन्सन १९१० मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले, आणि १९११ मध्ये लोकपुढाकार, कायद्यावरील सार्वमत आणि प्रतिनिधीला परत बोलावणे हे तिन्ही अधिकार मतदारांना मिळाले. धनसत्तेच्या बंदोबस्तासाठी घडविलेले हे शस्त्र पुढे धनसत्तेनेच उचलले. राज्याच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये एक कायदा केला. ॲपवरून काम घेणाऱ्या वाहनचालकांना कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा, म्हणजेच किमान वेतन, विमा आणि भरपाई यांचे संरक्षण मिळावे, अशी त्यामुळे वाट मोकळी झाली. तेव्हा उबर, लिफ्ट आदी कंपन्यांनी स्वतःच एक प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला आणि त्याच्या प्रचारावर वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. विरोधात उभ्या राहिलेल्या कामगार संघटनांची रक्कम त्याच्या जवळपासही नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ५९ टक्के मतांनी तो प्रस्ताव संमत झाला आणि चालकांचा तो दर्जा गेला. वर, त्यात दुरुस्ती करावयाची तर विधिमंडळात सात अष्टमांश बहुमत हवे, अशी पाचरही मारून ठेवण्यात आली होती.

उरुग्वे आणि कॅलिफोर्निया यांच्यातील अंतर कायद्याच्या कलमांपेक्षा सह्या गोळा करणाऱ्या हातांत अधिक आहे. एका ठिकाणी कामगार संध्याकाळी काम संपवून शेजाऱ्याच्या दारात उभा राहिला आणि पाण्याचा मक्ता म्हणजे काय हे त्याने समजावून सांगितले. दुसऱ्या ठिकाणी सही गोळा करणे हाच एक धंदा झाला आहे. प्रत्येक सहीमागे दाम मोजणाऱ्या कंपन्या तेथे राजरोस चालतात. जिथे सही विकत घेता येते, तिथे प्रश्नही विकत घेता येतो.

आणखी एक धोका पैशाइतकाच गंभीर आहे. बहुमताला अल्पसंख्याकांच्या हक्कांवर मतदान करण्याची मुभा असावी काय? घरे विकताना व भाड्याने देताना वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियात १९६३ मध्ये झाला होता. पुढच्याच वर्षी घरमालक आणि दलाल यांच्या पुढाकाराने मतदारांनी मोठ्या बहुमताने तो निष्प्रभ केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हा कौल घटनाबाह्य ठरविला. स्वित्झर्लंड ही लोकपुढाकाराची मायभूमी मानली जाते. तेथे १८९१ पासून नागरिक घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडू शकतात. त्याच देशातील पुरुषांनी १९५९ मध्ये सार्वमतात स्त्रियांना मताधिकार नाकारला आणि तो द्यायला १९७१ साल उजाडले. ज्यांना मतच नव्हते, त्यांच्या मताचा निकाल इतरांनी लावला. म्हणून मूलभूत हक्क हे मतपेटीच्या पलीकडे राहिले पाहिजेत, हे समाजवाद्यांना निःसंदिग्धपणे सांगता आले पाहिजे.

या चर्चेचा महाराष्ट्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो ग्रामीण स्त्रियांनी जोडला आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. यादीतील निम्म्याहून अधिक महिलांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद होते. निरक्षर बाईलाही कळेल असा हा लोकपुढाकार आहे. परंतु त्यातील अट पाहा. बहुमत मोजायचे ते झालेल्या मतदानाचे नाही, संपूर्ण यादीचे. ऊसतोडीला गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्याच्या धाकाने घरीच बसलेली, इतकेच काय यादीत नाव राहून गेलेली मृत स्त्रीसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. ज्या सभागृहात हजर सदस्यांच्या बहुमताने राज्याचा अर्थसंकल्प संमत होतो, त्याच राज्यात दारूचे एक दुकान हटवायला एवढे कडक गणित लावले जाते!

आणि दारूच्या पलीकडे काय? रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनावर शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. पण ते मतदान सरकारने घेतलेले होते आणि सरकारला बांधून टाकण्याची शक्ती त्यात नव्हती. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही सभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. तेथे वनहक्क कायदा पाठीशी होता, म्हणून केंद्र सरकारला तो नकार मानावा लागला. कायद्याचे बळ असेल तर डोंगरावरच्या आदिवासीचा आवाजही दिल्लीला ऐकावा लागतो, आणि ते नसेल तर शेतकऱ्याचे मत कागदावरच राहते.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. जो अधिकार बाटलीबाबत आहे तो गायरानाबाबत, गावच्या पाणीयोजनेबाबत आणि सरकारी रुग्णालय खाजगी हाती देण्याबाबतही मिळाला पाहिजे. प्रश्न मांडण्याचा अधिकार नागरिकांच्या सह्यांना असावा. सह्या गोळा करण्यासाठी दाम मोजण्यास बंदी असावी. प्रचारखर्चाला मर्यादा असावी आणि त्याचा हिशेब मतदानापूर्वी जाहीर व्हावा. मोजणी झालेल्या मतांची व्हावी आणि निर्णय बंधनकारक असावा. कोणाच्याही मूलभूत हक्काला मात्र या मतदानाने हात लावता येऊ नये.

असा कायदा उद्या होणार नाही. सत्ताधारी, मग ते कोणत्याही रंगाचे असोत, स्वतःवरचा अंकुश स्वतः घडवीत नाहीत. पण सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरायला कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही. एका सहीसाठी एका घरात अर्धा तास बसावे लागते, विरोध ऐकून घ्यावा लागतो, आकडे समजून घ्यावे आणि द्यावे लागतात. ज्या गावात स्त्रियांनी बाटली आडवी केली, तेथे मतदानाच्या कितीतरी आधी हे काम झालेले होते. कार्यकर्त्याने आपल्या गावापुरता एक प्रश्न निवडावा आणि पहिली सही मागायला ज्या घरातून सर्वाधिक विरोध होईल तेथे जावे.