डॉक्टर की नट?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)

माझे माहेर सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तेथेच 'सीतास्वयंवर' केले. तेव्हा नाटक म्हणजे आमचेच, असा माझा तोरा! सासर साताऱ्याचे. येथील मंडळी लगेच डॉ. श्रीराम लागूंचे नाव पुढे करतात, कारण १९२७ साली ते येथे जन्मले. कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य, पण १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरी सोडून ते रंगभूमीवर उतरले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आला. 'सामना'तले मास्तर, 'घरोंदा'तले वयस्क मोदी आपण पाहिलेच आहेत.

माझा मुलगाही डॉक्टर. परवा म्हणाला, "आई, मला नाटकच करायचे आहे." लागूंना टाळ्या वाजवणारी मी, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत गप्प राहिले. अजून उत्तर दिलेले नाही.