रात्रीचे पाणी आणि हक्काची झोप



आज खताची मात्रा नाही की बियाण्याचा वाण नाही. आज बोलायचे आहे ते झोपेविषयी. "साहेब, झोप काय शिकवावी लागते?" असे तुम्ही म्हणाल. तर कृष्णाकाठच्या एका गावात घडलेली गोष्ट आधी ऐका.

एक बागाईतदार आठवडाभर रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजत होते. पाचव्या दिवशी सकाळी घरी आले, चहा घेतला आणि तसेच वांग्यावर औषध मारायला गेले. पंप आदल्या आठवड्यात टू-फोर-डी या तणनाशकाला वापरलेला, तो धुवायचा राहिला होता. थोड्याच दिवसांत वांग्याची पाने वेडीवाकडी झाली, प्लॉट गेला. माणूस चांगला अनुभवी. चूक अज्ञानाने नव्हे, जागरणाने झाली. नशीब, की ती पिकावर निभावली.

सलग सतरा-अठरा तास जागे राहिले, की हात आणि डोके थोडी दारू प्यालेल्या माणसासारखे मंद होतात. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडून रात्री कारखान्याकडे निघणाऱ्या पोरांनी हे नीट ऐकावे. मोठ्याने गाणी लावून झोप जात नाही. ट्रॅक्टर रस्त्याच्या खाली सुरक्षित जागी घ्या आणि वीस मिनिटे डोळा लावा.

आपल्या शरीरात एक घड्याळ असते, ते उजेड-अंधारावर चालते. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी बारीक चिलटे असतात ना, त्यांच्यावर अभ्यास करून हे घड्याळ आतून कसे चालते ते तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. लाईटची पाळी आठवड्याला बदलते, पण हे घड्याळ तितक्या लवकर बदलत नाही. वर्षानुवर्षे झोप तुटत राहिली, की रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

मग दारे धरायची कुणी? पाणी तर द्यावेच लागणार. काही फीडरवर आता सौर योजनेतून दिवसा वीज येते. जिथे येत नाही तिथे दोघा-तिघांनी पैरा करावा, म्हणजे रोज एकालाच जागावे लागणार नाही. ठिबक असेल तर दारे धरण्याचे जागरण वाचते. मोठ्या माणसाला चोवीस तासांत निदान सात तास झोप हवी. सकाळी रानातून आल्यावर अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास झोपा, राहिलेली झोप दुपारी भरून काढा. त्या दिवशी फवारणी नको आणि कडबाकुट्टीलाही हात लावू नका. पहाटेचा चहा आणि तंबाखू दोन्ही झोप उडवतात.

घरातल्या बाईचे काय? धनी रानात, म्हणून रात्री तिचाही डोळा लागत नाही, आणि पहाटे धारा काढायला तीच उठते. त्या आठवड्यात धार घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढावी.

रानात मोटारीजवळ जमिनीवर पडू नका. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही. सकाळी पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. त्या वेळी जागरणाने डोळे जड झाले असे म्हणून पुन्हा झोपवू नका. तडक सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्या. बाज वापरा, आणि मच्छरदाणी कडेने खोचून घ्या.

शाळकरी पोरांना नऊ तासांच्या वर झोप लागते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 साली संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. भोंगा झाला, की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तो अभ्यासासाठी आहे. माझे म्हणणे, असाच एक भोंगा रात्री नऊला झोपेसाठी का नको? ग्रामसभेत विषय काढून बघा.

शेवटी एकच. जो मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याची चेष्टा करू नका. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तो आजार असू शकतो.

बरं आहे, रामराम.