यानांचं दप्तर आणि ते वाचणारे



पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. मोडी येत नसेल तर त्यातला कागद हातात येऊनही उपयोग नाही. ग्रहांवर गेलेल्या यानांनी पाठवलेल्या माहितीची गत तीच आहे. ती बहुतेक सगळी खुली आहे, फुकट आहे, पण वाचता येणाऱ्यालाच ती काही सांगते. ते वाचन शिकवण्याची एक रीत गेल्या तीन-चार दशकांत रुळली. तिच्याबद्दल आज थोडं बोलू.

अमेरिकेचं मॅगेलन यान 1990 ते 1994 या काळात शुक्राभोवती फिरत होतं. दाट ढगांमुळे शुक्राची जमीन दिसत नाही, म्हणून त्याने रडारने जवळपास सगळा ग्रह टिपला. यान संपलं, माहिती जपून ठेवली गेली. तीस वर्षांनी अलास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हेरिक हीच जुनी चित्रं काढून बसले. एकाच जागेची, काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं ते शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. काम कंटाळवाणं. दोन्ही वेळा रडारचा कोन वेगळा, त्यामुळे जमीन बदलली की नुसती बघण्याची दिशा, हे डोळ्यांनीच ठरवायचं. माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचं एक मुख आठ महिन्यांत आकाराने जवळजवळ दुप्पट झालेलं त्यांना दिसलं. शुक्रावरचे ज्वालामुखी आजही जिवंत असल्याचा हा पुरावा 2023 साली प्रसिद्ध झाला. चित्रं 1991ची होती!

पण ती 2023 पर्यंत टिकली कशी? आपोआप नाही. त्याआधीची एक गोष्ट पाहा. 1966-67 साली नासाच्या लूनर ऑर्बिटर मालिकेतल्या पाच यानांनी चंद्राची छायाचित्रं पाठवली. ती सुमारे दीड हजार चुंबकीय फितींवर होती. 1986च्या सुमाराला या फिती टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा नॅन्सी इव्हान्स या बाईंनी त्या वाचवल्या. फिती वाचणारी फ्रिजएवढी अवजड यंत्रंही त्यांनी मिळवली आणि वर्षानुवर्षं स्वतःकडे सांभाळली. शेवटी कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनल्ड्सच्या जागेत काही हौशी आणि काही जाणकार मंडळींनी ती यंत्रं दुरुस्त केली, आणि 2008 साली पहिलं चित्र पुन्हा उमटलं. मॅकडोनल्ड्सच का, तर ती जागा रिकामी होती म्हणून.

याच नॅन्सी इव्हान्स नासाच्या 'प्लॅनेटरी डेटा सिस्टिम'च्या संस्थापकांपैकी एक. यानांची माहिती अशी कुणाच्या तरी मर्जीवर राहू नये, म्हणून ही व्यवस्था 1980च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. तिची रचना मला फार शहाणपणाची वाटते. सगळं एका कोठारात कोंबलेलं नाही. खडक आणि माती सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाकडे, लघुग्रह आणि धूमकेतू मेरीलँडकडे. म्हणजे जे वापरतात तेच सांभाळतात, आणि तेच शिकवतात.

आता शिकवतात म्हणजे नक्की काय शिकवतात? पहिला धडा लेबलाचा. प्रत्येक माहितीसंचासोबत एक लेबल असतं. फाइलमध्ये किती ओळी, ओळीत किती आकडे, आकडा किती बाइटांचा, ते बाइट कोणत्या क्रमाने लिहिलेत, एकक कोणतं. बाइटांचा क्रम उलटा धरला तर चंद्राच्या जागी नुसती खडी दिसते. तरी ते बरं, चूक लगेच कळते. जिथे मोजमाप झालं नाही तिथे अनेकदा उणे 999 असा आकडा भरलेला असतो. लेबल न वाचता सरासरी काढणाऱ्याने तोही जमेस धरला, की उत्तर चुकतं आणि दिसायला मात्र व्यवस्थित दिसतं.

दुसरा धडा वेळेचा. फोटो काढला त्या क्षणी यान कुठे होतं, कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं, हे सांगणारी 'स्पाइस' नावाची प्रणाली नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तयार झाली. तिच्या एका सरावपाठात कॅसिनी यान शनीच्या फीबी या चंद्राजवळून गेलं तो क्षण घेतलाय, 11 जून 2004. विद्यार्थ्याने सर्वांत आधी आपल्या घड्याळाची वेळ प्रणालीच्या वेळेत बदलायची. लीप सेकंद वगैरे धरून दोन्हींत तेव्हा 64 सेकंदांचा फरक होता. एक मिनिटाने काय बिघडतं? तेवढ्यात कॅसिनी फीबीच्या मानाने साडेतीनशेहून अधिक किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि फीबीचा व्यासच मुळी सव्वादोनशेच्या आत. पुढचं सगळं गणित अचूक करूनही तुम्ही काळ्या आकाशाचा अभ्यास करत बसाल.

तिसरी गोष्ट धड्यात मावत नाही, ती अनुभवी माणसाच्या शेजारी बसून येते. आपल्या चांद्रयान-1वर नासाचं 'मून मिनरॉलॉजी मॅपर' हे उपकरण होतं. चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याची 2009ची बातमी त्याच्यामुळे आली. पाण्याची खूण म्हणजे वर्णपटात तीन मायक्रोमीटरच्या आसपास पडलेली खाच. पण दुपारी चंद्राची जमीन शंभर अंशांच्या वर तापते आणि स्वतःच नेमक्या त्याच भागात प्रकाश फेकू लागते. खाच भरून निघते. ती उष्णता किती वजा करायची यावर चंद्राच्या कुठल्या भागात पाणी 'दिसतं' ते ठरतं, आणि यावर तज्ज्ञांचे वाद झालेत. नवशिक्याला हे कुणी सांगितलंच नाही, तर तो बेधडक शोधनिबंध लिहून मोकळा होईल.

चांद्रयान-1चा संपर्क ऑगस्ट 2009 मध्ये तुटला. त्याच उपकरणाच्या नोंदींतून 2018 साली हवाई विद्यापीठाच्या शुआई ली आणि सहकाऱ्यांनी ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत पृष्ठभागावरच बर्फ असल्याचं दाखवलं. यान गप्प होऊन नऊ वर्षं झाली होती.

आपल्याकडे हे दप्तर बंगळुरूजवळच्या ब्यालालू गावी आहे, इस्रोच्या इंडियन स्पेस सायन्स डेटा सेंटरमध्ये. 'प्रदान' या संकेतस्थळावरून ते उघडतं. चांद्रयान-2ची माहिती डिसेंबर 2020 पासून आणि चांद्रयान-3ची 23 ऑगस्ट 2024 पासून सर्वांसाठी खुली झाली. डेहराडूनची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग ऑनलाइन वर्ग घेते. ग्रहांचं नसलं तरी अॅस्ट्रोसॅट दुर्बिणीच्या माहितीसाठी असंच मदत केंद्र पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आहे. तरीही माझं मत विचाराल तर तोल अजून साधलेला नाही. माहिती खुली झाली की मथळे येतात, आठवडाभर बसून ती वाचायला शिकवणाऱ्या वर्गाची बातमी कुठेच नसते. महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या किती मुलांना हे दप्तर आहे, एवढं तरी सांगितलं जातं?

महाराष्ट्रातल्या मुलांना तर आयती सोय आहे. लोणारचं विवर हे बेसॉल्ट खडकात पडलेल्या, पृथ्वीवरच्या मोजक्या आघात विवरांपैकी एक. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. सह्याद्रीतल्या खडकाचा वर्णपट प्रयोगशाळेत घेतला, की पायरॉक्सीन खनिजाच्या खाचा एक आणि दोन मायक्रोमीटरपाशी दिसतात. चंद्राच्या नोंदींत त्याच शोधायच्या असतात. हातातला दगड ओळखता येणाऱ्याला पडद्यावरचा ओळखायला कमी वेळ लागतो.

आणि हे फक्त शास्त्रज्ञांचंच काम आहे असंही नाही. चांद्रयान-2चं विक्रम लँडर सप्टेंबर 2019 मध्ये चंद्रावर आदळल्यावर नासाने त्या भागाचं मोठं चित्र खुलं केलं. चेन्नईचे षण्मुग सुब्रमणियन हे पेशाने इंजिनिअर. त्यांनी आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून अवशेषाचा एक पांढुरका ठिपका शोधला. त्याच डिसेंबरात नासाने शोधाला दुजोरा देऊन त्यांचं नाव जाहीर केलं.

तुमच्या घरात विज्ञान किंवा इंजिनिअरिंग शिकणारं कुणी असेल, तर त्याला 'प्रदान'वर नाव नोंदवायला सांगा. त्याला पैसे पडत नाहीत. सुरुवातीला चांद्रयान-2च्या कॅमेऱ्याचं एकच चित्र उतरवून घ्यावं, आणि ते उघडण्याआधी त्याचं लेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावं.