ब्राम मोलेनार : मुक्त विद्येचे ऋण



विद्या दिल्याने वाढते, अशी आपल्याकडे परंपरेने श्रद्धा आहे. संगणकाच्या क्षेत्रात मात्र विद्या बंदिस्त ठेवून तिचे मूल्य घेण्याची रीत लवकरच रूढ झाली. आज्ञावली विकत मिळे. परंतु ती ज्या मूळ संहितेपासून सिद्ध होते, ती संहिता ग्राहकाच्या दृष्टीस पडत नसे. ही संहिता सर्वांस खुली असावी, या विचारातून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. तिच्या आरंभीच्या काळातील एक निष्ठावंत कार्यकर्ते म्हणजे नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार.

मोलेनार यांचा जन्म १९६१ साली झाला. डेल्फ्ट येथील तांत्रिक विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९८८ च्या सुमारास त्यांच्यापाशी अमिगा जातीचा संगणक होता. मोठ्या संगणकांवर बिल जॉय यांनी १९७६ साली रचलेली 'व्ही आय' ही मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची आज्ञावली प्रचलित होती; अमिगावर तशी समाधानकारक सोय नव्हती. 'स्टीव्ही' नावाच्या आज्ञावलीची संहिता खुली असल्याने मोलेनार यांनी तिच्यावरच सुधारणा आरंभल्या. त्यांतून 'विम' तयार झाली व १९९१ साली ती सर्वांस विनामूल्य मिळू लागली. आज जगभरातील संगणकतज्ज्ञ तिचा नित्य उपयोग करतात. दुसऱ्याने खुल्या ठेवलेल्या विद्येवर आपले कार्य उभे राहिले, याची जाणीव ठेवून त्यांनी आपलेही कार्य खुले ठेवले.

त्यांच्या जीवनाला वेगळे वळण मिळाले ते १९९४ साली. त्या वर्षी ते युगांडातील किबाले या छोट्या गावी स्वयंसेवक म्हणून गेले. टांझानियाच्या सीमेजवळचा तो राकाई जिल्हा शेतकऱ्यांचा. एड्सच्या साथीने तेथे घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली होती. साडेतीन लाख वस्तीच्या या जिल्ह्यात सुमारे ६०,००० मुलांनी आई, वडील किंवा दोघांनाही गमावले होते, असे मोलेनार यांनी नमूद केले आहे. तेथील बालकेंद्रात वर्षभर राहून त्यांनी केंद्राच्या विस्तारास हातभार लावला, तसेच पाणीपुरवठा व स्वच्छता यांची कामे केली. अन्न आणि औषध मुलाला आज जगवते, तर शिक्षण त्याला उद्या स्वतःच्या पायावर उभे करते, हे केंद्राचे सूत्र त्यांना पटले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी या मुलांसाठी निधी उभारणारी संस्था स्थापन केली. 'विम'च्या वापराबद्दल त्यांनी शुल्क आकारले नाही. मात्र आज्ञावली उघडताच युगांडातील गरीब मुलांना साहाय्य करण्याची विनंती पडद्यावर दिसेल, अशी योजना त्यांनी केली. देणगी सक्तीची नव्हती. न देणाऱ्यासही आज्ञावली पूर्णपणे वापरता येई. आपल्या श्रमाचे ऋण कोणास वाटत असेल, तर ते आपल्याला न देता त्या मुलांना द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

२००६ पासून २०२१ पर्यंत ते स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे गूगल या कंपनीत कार्यरत होते. 'विम'ची देखभाल त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केली. जगभरातून सुधारणा येत. पण अखेरचा निर्णय त्यांचा असे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीभोवती उभे राहिलेले कार्य तिच्यामागे टिकेल काय, असा प्रश्न साहजिकच निर्माण झाला. परंतु संहिता सर्वांच्या हाती होती आणि ती जाणणारे सहकारीही होते. त्यांनी धुरा उचलली व जानेवारी २०२४ मध्ये निघालेली नवी आवृत्ती मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केली.

लोकसेवेत असणाऱ्यांनी या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. गावाच्या नळयोजनेचा आराखडा असो वा शाळेतील उपक्रमाची माहिती असो, ती एकाच्याच कपाटात राहिली, तर त्या व्यक्तीची बदली होताच काम खोळंबते. तीच सर्वांस उपलब्ध असेल, तर पुढचा माणूस मागच्याच्या खांद्यावर उभा राहून काम पुढे नेतो. आणि जे फुकट मिळाले, त्याचे मोल नाही असे न समजता, त्याची फेड अधिक गरजवंताकडे करावी, हा मोलेनार यांच्या जीवनाचा संदेश आहे.