ऐकायची पाळी आपली

डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. त्या दिवशी त्या ऐकत होत्या. पुढे लेकी लिहू लागल्या. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली आले. आयदान म्हणजे बांबूची सुपे-टोपल्या. त्यांची आई ती विणून घर चालवी. सुषमा देशपांडे यांनी हे आत्मकथन रंगमंचावर आणले, तेव्हा एकच आयुष्य तीन अभिनेत्रींनी मिळून सांगितले.

अमेरिकेत १९७६ साली ब्रॉडवेवर आलेल्या एन्टोझाके शांगे यांच्या नाटकातल्या सात कृष्णवर्णीय स्त्रियांना नावेच नव्हती. ओळख कपड्यांच्या रंगाची. दुःख कुठे एकटीचे असते?

असे प्रयोग महाड-पोलादपूरच्या शाळांच्या पटांगणांत व्हावेत. बायकांनी पुष्कळ ऐकले. आता ऐकायची पाळी आपली आहे.