माइक चालू होता, पण बोललो नाही

आज जरा वेगळा विषय आहे. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की, "दादा, तू पबजी खेळायचास म्हणे, टीम होती म्हणे, त्याबद्दल बोल ना." तर आज तेच. मात्र सेटिंग्ज आणि सेन्सिटिव्हिटी सांगायला मी आलो नाहीये. त्यासाठी यूट्यूबवर माझ्यापेक्षा हजारपट चांगली पोरं आहेत. मी सांगणार आहे आमच्या चौघांची गोष्ट. आणि आधीच सांगतो, यात आम्ही जिंकत नाही.

आधी थोडा काळ आठवू. २०१६ मध्ये जिओ आलं आणि आपल्याकडं नेट स्वस्त झालं. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर. रात्री मेसमधून जेवून आलं की सगळ्या मजल्यावर एकच आवाज, "कुठं उतरायचं? पोचिंकी?" मग मार्च २०१९ मध्ये हैदराबादला पबजी मोबाइल इंडिया सिरीजची फायनल झाली. एकूण बक्षिसं १ कोटीची. टीम सोल जिंकली आणि त्याच वर्षी बर्लिनला खेळायला गेली. मॉर्टल, म्हणजे नमन माथूर, हे नाव आमच्यासाठी एकदम क्रिकेटरसारखं झालं. मोबाइलवर खेळून माणूस जर्मनीला जातो! भोकरदन तालुक्यातल्या पोराच्या डोक्यात हे एकदा घुसलं की मग काही खरं नसतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. शेवटचं सेमिस्टर अर्धवट सोडून मी गावी आलो. एप्रिलमध्ये आमची टीम बनली. चौघंही जालना जिल्ह्यातलेच, पण एकमेकांना प्रत्यक्ष न भेटलेले. नावं सांगत नाही, टोपणनावं सांगतो. पहिला 'भाऊ', आमचा आयजीएल, म्हणजे गेममधला कॅप्टन. अंबडचा, मामाच्या किराणा दुकानात बसायचा. दुसरा 'पॉली', जालना शहरातला, पॉलिटेक्निकला होता. अंगावर जायला नंबर एक. तिसरा मी, लांबून बंदूक चालवणारा. आणि चौथा 'मोसंबी'. बदनापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, घरची मोसंबीची बाग, म्हणून ते नाव. तो आमचा सपोर्ट. टीमचं नाव विचारू नका. इंग्रजीत होतं, त्यात दोन वेळा झेड होता, आज लाज वाटते.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटांत सांगतो. साध्या खेळात १०० जण एका बेटावर उतरतात. एरंगेल नावाचा नकाशा आहे, ८ किलोमीटर बाय ८ किलोमीटर. खेळायची जागा हळूहळू आवळत जाते, शेवटी जो उरेल तो जिंकला. स्पर्धेत जरा वेगळं असतं. तिथं साधारण १६ टीम, चार-चारचं स्क्वॉड. कितव्या नंबरवर संपलात याचे गुण आणि किती जणांना उडवलं त्याचे गुण, दोन्ही धरतात. त्यामुळं नुसता नेम चांगला असून भागत नाही. कधी लपायचं, कधी पळायचं, गाडी कुठं लावायची, हे चौघांना एकाच वेळी कळावं लागतं. म्हणजे बोलावं लागतं.

भाऊचा नियम होता की माइक बंद ठेवायचा नाही आणि फालतू बोलायचं नाही. "उत्तरेला एक, झाडामागं." "माझी हेल्थ अर्धी." "गोळ्या संपल्या, कव्हर द्या." "नॉक झालोय." नॉक म्हणजे खाली पडलाय, पण मेला नाहीये. सोबत्यानं येऊन साधारण १० सेकंद बसून उठवलं तर परत उभा राहतो. नाही उठवलं तर हळूहळू संपतो. पण तो पडलाय हे बाकीच्यांना कळलं पाहिजे ना. आमच्यात मोसंबी हे काम करायचा. गोळीबार चालू असताना धूर फेकून यायचा आणि उठवायचा. त्याचे स्वतःचे आकडे कायम सगळ्यात कमी. स्कोअरबोर्ड बघितला तर वाटणार, हा पोरगा काय करतो टीममध्ये?

आता नेटवर्कचं ऐका. मी सॉफ्टवेअरवाला आहे, तर पिंग म्हणजे काय ते सांगतोच. तुम्ही बटण दाबलं की तो निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जितके मिलिसेकंद लागतात, तो पिंग. ५०-६० असेल तर मजा. २०० च्या पुढं गेला की तुम्ही भिंतीमागं पोचलात असं तुम्हाला दिसतं, पण सर्व्हरच्या हिशोबात तुम्ही अजून रस्त्यावरच असता आणि तिथंच मरता. मोसंबीच्या घरात पिंग २०० च्या वरच. म्हणून तो रात्री शेतात, विहिरीजवळच्या खोलीच्या पत्र्यावर चढून खेळायचा. तिथं नेट धरायचं. आम्ही हसायचो, "काय रे मोसंबी, आज साप आला का?"

मे महिन्याच्या शेवटी एक ऑनलाइन स्पर्धा होती. बक्षीस फार मोठं नव्हतं, पण पुढच्या फेरीचे सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार होते. आपलं नाव लाइव्ह दिसणार! आमच्यासाठी तेच बर्लिन. रात्री ९ वाजल्यापासून चार सामने, वरच्या पाच टीम पुढं जाणार. तीन सामने झाले तेव्हा आम्ही पाचवे होतो. चौथा सामना सव्वा अकराला सुरू झाला.

त्या दिवशी जागा पण आमच्या बाजूनं आली. एका घरात चौघं जिवंत, बाहेर चार टीम उरलेल्या. भाऊनं प्रत्येकाला एकेक बाजू दिली. मागचं दार मोसंबीकडं. आणि तेवढ्यात मोसंबी म्हणाला, "एक मिनिट." बस, एवढंच. माइक बंद. त्याचा प्लेअर मागच्या दाराशी पुतळ्यासारखा उभा. भाऊ ओरडतोय, "मोसंबी, कॉल दे! कॉल दे ना!" काहीच नाही. मागच्या दारानं एक टीम आत शिरली आणि २० सेकंदांत आम्ही चौघं साफ. यादीत सहावे. तीन गुणांनी गेलो.

पाऊण तासानं तो ऑनलाइन आला आणि म्हणाला, "सॉरी, काम होतं." त्यानंतर आम्ही त्याला जे बोललो, ते मी इथं बोलू शकत नाही. पॉली बोलला, भाऊ बोलला आणि सगळ्यात वाईट मी बोललो. "तुला जमत नसेल तर सांग, तुझ्यामुळं तिघांची वाट लागतेय." तो एवढंच म्हणाला, "बरं." आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही फोन केला का? नाही. आम्ही चौथा माणूस शोधला.

नवीन पोरगा नेमात भारी होता. पण खरं सांगू? त्यानंतर आम्ही एकही सामना धड खेळलो नाही. कुणी पडला की उठवायला कुणी यायचं नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी पण होता. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता त्यांचं थोडे दिवस चाललं. मग ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद होणार असं जाहीर झालं. नवीन पोरगा तर बंदीच्या दिवशीच गायब झाला होता. शेवटच्या रात्री भाऊ, पॉली आणि मी लॉबीत उभे. चौथी जागा रिकामी. पॉली म्हणाला, "मोसंबीला बोलवायचं का?" यादीत तो कित्येक दिवसांपासून ऑफलाइन. कुणीच काही बोललं नाही. आणि पहिल्यांदा आम्हाला खाली बघावंसं वाटलं.

दिवाळीत भाऊ म्हणाला, "चला, त्याच्या गावी जाऊ." दोन गाड्यांवर तिघं. आम्ही तिघं पण पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होतो, ते वेगळंच. मोसंबी बागेतच सापडला. फाटका शर्ट, हातात खोरं. आम्हाला बघून हसला. त्याच्या आईनं चहा केला, वर फराळ. वडील बाजेवर बसलेले. बोलता बोलता कळलं की एप्रिलपासून वडिलांची पाठ गेलेली, वाकता येत नव्हतं. घरात करता माणूस हाच. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. शेतकऱ्यांच्या पोरांना सांगायला नको. मे महिन्यात रात्रीची पाळी होती. बागेला पाणी नाही मिळालं तर फळ गळतं, झाड सुकतं. आणि लॉकडाऊनमुळं व्यापारी आधीच येईनात. त्या रात्री लाइट साडेअकराला आली. स्टार्टरचा ऑटो जळालेला, म्हणून पत्र्यावरून उडी मारून मोटर चालू करायला गेला. मग ड्रीपचे कॉक फिरवायचे होते.

तेच ते "एक मिनिट".

मी म्हणालो, "अरे, सांगायचं ना!" तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा घेतला असता. तुमचं चालूच होतं ना."

मंडळी, त्याला माहीत होतं. आमच्या तिघांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात त्या स्पर्धेच्या आठवडाभर आधीपासून आम्ही चर्चा करत होतो की मोसंबीला काढायचं का, त्याचे आकडे कमी आहेत. पॉलीनं एकदा चुकून तिथला मेसेज मोठ्या ग्रुपवर टाकला आणि लगेच डिलीट केला. मोसंबीनं तो वाचला होता. हे माहीत असून तो पोरगा रोज रात्री पत्र्यावर चढून आम्हाला उठवत होता.

मग त्या बागेत एकेकाचं बाहेर आलं. भाऊनं सांगितलं की त्याचा फोन हप्त्यावर होता आणि दोन हप्ते मामाला न विचारता गल्ल्यातून भरले होते. पॉलीचे दोन विषय राहिले होते, घरी पास सांगितलं होतं. आणि मी? माझं कॅम्पसमधून सिलेक्शन झालेलं होतं. लॉकडाऊनमुळं जॉइनिंग पुढं ढकललेलं, पण जुलैनंतर मी टीमला वेळ देऊ शकणार नाही हे मला एप्रिलमध्येच माहीत होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि मीच त्याला म्हणालो होतो की तुझ्यामुळं आमची वाट लागली.

चौघांचे माइक रोज तीन तास चालू असायचे. झाडामागचा माणूस सांगायचो, स्वतःच्या घरातलं काही सांगायचो नाही.

जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, पबजीचाच भारतातला अवतार. आम्ही चौघं परत आलो, तेच चौघं. यावेळी तीन नियम केले. एक, सराव सुरू करायच्या आधी पाच मिनिटं गेम उघडायचाच नाही. प्रत्येकानं सांगायचं की आज घरी काय आहे, कितीला उठावं लागेल. मोसंबीची लाइटची वेळ ग्रुपवर टाकलेली असायची. रात्रीची पाळी असेल त्या दिवशी स्पर्धा नाही. दोन, कुणाला काढायचं असेल तर त्याच्या तोंडावर बोलायचं, वेगळा ग्रुप नाही. तीन, फोन असो की फी, उधारीवर काहीच नाही.

त्यानं आम्ही चॅम्पियन झालो का? नाही हो. इंडिया सिरीजच्या खुल्या फेरीत उतरलो आणि पहिल्याच टप्प्यात बाहेर. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय पण स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये परत आला. तोपर्यंत मी पुण्यात नोकरीत मुरलो होतो.

आता तुमच्यातले बरेच जण टीम बनवताय, मला मेसेज येतात. तर थोडं कामाचं. १८ च्या आत असाल तर गेमच रोज ३ तासांची मर्यादा घालतो आणि पालकांची परवानगी मागतो. मोठ्या भावाच्या नंबरानं ते चुकवू नका, घरी सांगूनच खेळा. टेलिग्रामवर "५० रुपये भरा, ५०० जिंका" वाल्या रूमपासून लांब राहा. आम्ही पण भरले होते, रूमचा पासवर्डच आला नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं धरलं आहे. हा फरक घरच्यांना पण समजावून सांगा. आणि यातून करिअर होईल का? काहींचं होतं, फार थोड्यांचं. दहावी-बारावी, डिप्लोमा, जे काय चालू असेल ते सोडू नका.

आणि एक काम आजच करा. तुमच्या स्क्वॉडमध्ये ज्याचे आकडे सगळ्यात कमी आहेत ना, त्याला फोन लावा. गेममधून नको, साधा फोन. विचारा, "घरी कसं आहे?"

आमचं म्हणाल तर भाऊचं आता अंबडमध्ये स्वतःचं दुकान आहे. पॉलीचे विषय निघाले, जालन्याच्या एमआयडीसीत लागला. मोसंबीनं स्टार्टरला नवीन ऑटो बसवलाय, तरी रात्री एक चक्कर मारतोच. रविवारी रात्री ९ ते १० आम्ही खेळतो. अजून पण मीच आधी पडतो, आणि अजून पण तोच धूर फेकत येतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या टीमची गोष्ट असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या वाचतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.